तुझा भास नव्हता

कोपरी, ठाणे (पूर्व)
९ एप्रिल

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज का रे असा?" आणि मी हवेवर ढकललं. हवेचं काही नव्हतं. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं म्हणून आज लिहायला बसलोय. वेळ काढून वाच.

२०११ साली आजच्याच तारखेला दिग्दर्शक सिडनी ल्युमेट न्यूयॉर्कमध्ये गेला. ८६ वर्षांचा होता. तेव्हापासून दर ९ एप्रिलला मी रात्री त्याचा '१२ अँग्री मेन' लावतो, बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या पोराचा निकाल द्यायला एका खोलीत बसलेल्या बारा ज्यूररांचा, म्हणजे साध्या नागरिकांचा, तो आपला सिनेमा. यंदा मात्र त्याच्या आधी दुसरंच काहीतरी पाहिलं आणि मग तो सिनेमा मला नेहमीसारखा बघवेना. त्याच्याकडे येतोच, पण आधी तुझं एक जुनं देणं फेडायचं आहे.

१९८३ चा पावसाळा आठव. दादरला फिल्म सोसायटीत त्याच सिनेमाचा खेळ होता, बसायला लोखंडी खुर्च्या, मागे प्रोजेक्टरची घरघर. परतताना उशिराची लोकल, आपण दोघं दारात उभे. कुर्ला गेल्यावर तू म्हणालास, "ती खोली लहान लहान होत चालली होती रे." मी म्हटलं, "खोली कशी लहान होईल? तुला भास झाला." भांडुपपर्यंत आपण त्यावर भांडलो. तू हट्टाने सांगत होतास, "सुरुवातीला छत कुठे होतं? नंतर छत डोक्यावर आलं." मी शेवटी "बरं बाबा" म्हणून विषय मिटवला, पण पटलं म्हणून नाही.

बाळ्या, तुझा भास नव्हता. ल्युमेटचं 'मेकिंग मूव्हीज' नावाचं पुस्तक आहे, १९९५ सालचं. माझ्या हाती ते फार उशिरा लागलं. त्यात त्याने सगळं उलगडून लिहिलंय. पहिला एक तृतीयांश सिनेमा त्याने कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर ठेवून घेतला, मधला नजरेच्या रेषेत आणि शेवटचा नजरेच्या खालून. त्यामुळे शेवटी शेवटी भिंतींबरोबर छतही दिसायला लागतं. शिवाय भिंगंही बदलत नेली. जसजसा वाद तापतो तसतशी जास्त लांब पल्ल्याची भिंगं, म्हणजे मागची भिंत माणसाच्या पाठीला येऊन चिकटल्यासारखी वाटते. आणि अगदी शेवटी, पाऊस थांबल्यावर ते पायऱ्या उतरतात ना, तिथे एकदम रुंद कोनाचं भिंग, कॅमेरा उंच. आपण श्वास सोडतो तो त्यामुळे. बोरिस कॉफमन त्याचा छायाचित्रकार, 'ऑन द वॉटरफ्रंट'साठी ऑस्कर मिळवलेला. पण हे सगळं कुठल्याही पुस्तकाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, तू त्या रात्री लोकलच्या दारात मला सांगितलं होतंस. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ खिडकीत बसून राहिलो. तेव्हाच तुला कळवायला हवं होतं.

ल्युमेटचा हा पहिला सिनेमा, १९५७ चा. वय तेहतीसही पूर्ण नव्हतं. वडील यिद्दिश रंगभूमीवरचे नट, हा स्वतः लहानपणापासून रंगमंचावर वावरलेला. म्हणूनच त्याने बाराही नटांना आधी दोन आठवडे चक्क तालमीला बसवलं, आपल्याकडे नाटकाच्या बसवतात तसं. मग तीन आठवड्यांच्या आत चित्रण संपवलं. तेही कसं, तर एका भिंतीकडची दिवाबत्ती लागली की त्या बाजूचे सगळे शॉट उरकून घ्यायचे, सिनेमात ते कुठेही येणार असोत. हेन्री फोंडा आणि ली जे. कॉब एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा फोंडाचा चेहरा एका दिवशी घेतलेला आणि कॉबचा त्यानंतर आठवडाभराने. आठवडाभर तो राग धरून ठेवायचा! तालीम नसती तर ते जमलं नसतं. लेखक रेजिनाल्ड रोझ. तो स्वतः ज्यूरीवर बसून आला होता, त्यातून १९५४ साली आधी टीव्हीसाठी हे नाटक लिहिलं गेलं. सिनेमाला बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं, ऑस्करची तीन नामांकनं मिळाली आणि तिन्ही ठिकाणी 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' जिंकला. धंदाही झाला नाही. फोंडा निर्माताही होता, त्याचं मानधन बुडालं. ल्युमेटला दिग्दर्शनाचं ऑस्कर पुढेही कधी लाभलं नाही, २००५ साली मानाचं तेवढं दिलं.

पण माझ्यासाठी हा सिनेमा दादरला नाही, आपल्या चाळीत घडला. तुला आठवतंच असेल. खटल्यातला खालच्या मजल्यावरचा म्हातारा साक्ष देतो की मुलगा वर ओरडला, "मी तुला मारून टाकीन", आणि ते मी ऐकलं. पण त्याच वेळी खिडकीबाहेरून आगगाडी जात होती. तू म्हणालास, "आपल्याकडे रूळ आहेत, खिडकी आहे, म्हातारा पण आहे. बघूया की." पुढच्याच रविवारी तू वर आमच्या खोलीत, मी खाली तुमच्या खोलीत, हातात तुझं एचएमटी घड्याळ. फास्ट लोकल आली तशी फळीवरचे डबे थडथडायला लागले. मी कान टवकारून. काही नाही. दुसरी गाडी, काही नाही. तिसऱ्या वेळी तू इतका ओरडलास की गाडी गेल्यावरही तुझा घसा बसलेला, आणि मला ऐकू आलं ते फक्त रुळांचं. नऊ डब्यांच्या गाडीला चौदा सेकंद लागले होते, मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

मग तू आजोबांना विचारलंस. अर्धांगवायूनंतर त्यांचा डावा पाय ओढला जायचा, सिनेमातल्या म्हाताऱ्यासारखाच. मला वाटलं रागावतील. ते काठी घेऊन उठले, कॉटपासून दारापर्यंत चालले, कडी काढली. सिनेमातला म्हातारा पंधरा सेकंदांत दाराशी पोचल्याचं सांगतो. पंधरा सेकंदांत कुठलं होतंय! आपण त्यांना सगळी गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पाचामुखी परमेश्वर म्हणतात खरं. पण त्या पाचांतल्या एकाने तरी उठून बघायला नको का?" मी ते वाक्य इतक्या वर्षांत कितीदा वापरलंय. त्याचमुळे पुढचं लिहिताना हात अडतोय.

आपल्या वर्तमानपत्रांत 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' असं छापून येतं ना, ते वाचताना मला नेहमी वाटायचं की चोराला सूट मिळाली. फायदा हा शब्दच तसा आहे, दुकानातला. हा सिनेमा बघून मला कळलं की तो फायदा आरोपीचा नाही, आपला आहे. चुकीच्या माणसाला फासावर देण्यापासून आपण वाचतो. आणि आठव्या क्रमांकाचा तो ज्यूरर, म्हणजे फोंडा, पहिल्या मतदानात अकराविरुद्ध एकटा हात वर करतो तेव्हा काय म्हणतो बघ. मुलगा निर्दोष आहे असं तो म्हणतच नाही. मला माहीत नाही, म्हणतो. एका पोराला मरायला पाठवायच्या आधी बोलूया तरी. तासभर मागतो फक्त. शेवटी सगळे बाहेर पडतात तेव्हाही खून कोणी केला हे आपल्याला कळलेलं नसतं. लोक याला वीराची गोष्ट म्हणतात. मला तो कधी वीर वाटला नाही. त्याच वस्तीतल्या दुकानातून तसाच चाकू विकत घेऊन येणारा, पावलं मोजणारा, काम नीट करणारा माणूस वाटतो. आणि सगळं संपल्यावर, हरून कोसळलेल्या कॉबला तो हाताने कोट घालतो, तो क्षण तर मला आजही सहन होत नाही.

बासूदांनी, म्हणजे बासू चटर्जींनी, १९८६ साली यावरूनच 'एक रुका हुआ फैसला' केला तेव्हा आपल्याकडे ज्यूरी उरलीच नव्हती. नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि पुढे ती पद्धतच बंद झाली. तरीही पंकज कपूर आणि के. के. रैना त्या टेबलाभोवती भांडतात तेव्हा खोटं वाटत नाही. कारण ज्यूरी गेली तरी टेबल गेलं नाही. तेंडुलकरांनी ते कधीच दाखवलं होतं. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये तर सगळा खेळ म्हणून चाललेला, आणि तरी बेणारेबाईंच्या बाजूने एक हात वर होत नाही. गडकरी रंगायतनला बघितलं होतं ना आपण? तू मध्यंतरात वडासुद्धा घेतला नव्हतास.

आता मुद्द्यावर येतो.

ल्युमेटची एक दीर्घ मुलाखत आहे, २००८ साली घेतलेली, ती 'बाय सिडनी ल्युमेट' या माहितीपटात आहे. ती मी गेल्या आठवड्यात पाहिली. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी लष्करात होता, रडार दुरुस्त करायचा, आपल्याकडे हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात. कलकत्त्याकडची एक रेल्वेगाडी. त्याच्याच लष्करातल्या जवानांनी फलाटावरच्या एका कोवळ्या पोरीला डब्यात ओढून घेतलं. तिचं काय केलं ते मी लिहीत नाही. हा तिथे होता. मधे पडावं का, हा प्रश्न त्याला पडला. आणि तो मधे पडला नाही. ऐंशी पार केलेला माणूस हे सांगतो, बाळ्या, आणि सबब एकही देत नाही. एकट्याने वर केलेल्या हाताचा सिनेमा त्याने केला. त्याचा स्वतःचा हात त्या गाडीत खाली राहिला होता.

मी तिथेच बंद केलं. कारण मला आमचा वॉचमन आठवला.

२००८ चं वर्ष. चाळ पडून इमारत झाली होती, तू चिपळूणला गेला होतास. आमच्या पंपरूममधली पाण्याची मोटर चोरीला गेली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा. चावी वॉचमनकडे असते, रात्री तोच होता, आणखी काय पुरावा पाहिजे, असं ठरूनच आलेलं. आयपीएलचं ते पहिलं वर्ष, त्या संध्याकाळी सामना होता, अर्धे लोक घड्याळ बघत होते. दोनच दिवस आधी मी प्लंबरला स्वतःच्या खिशातल्या चावीने पंपरूम उघडताना पाहिलं होतं. म्हणजे चावी एकच नव्हती. एवढंच बोलायचं होतं. बरोबर तेव्हाच माझ्या मनात फोंडा आला, खोटं नाही सांगत, तो खिडकीशी उभा असतो तसा. आणि कोणीतरी म्हणालं, "ठरावाच्या बाजूने हात वर." माझा हात सगळ्यांबरोबर वर गेला. आठ-दहा मिनिटांत सभा आटोपली. शिल्लक पगारातून मोटरचे पैसे कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र्याची पेटी घेऊन गेटशी उभा होता. मला बघून सवयीने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "येतो साहेब."

मोटर त्याने चोरली नाही असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

तुला हे इतकी वर्षं सांगितलं नाही. तू फक्त एवढंच विचारलं असतंस, "आणि तू?"

परवा, तुझा फोन यायच्या थोडा वेळ आधी, जिन्याखाली नोटीस लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून सोन्याची साखळी गेलीय, आणि तिथे धुणीभांडी करणाऱ्या बाईला गेटच्या आत घ्यायचं नाही असा ठराव रविवारी सकाळी १० वाजता मांडायचाय. ती आमच्याकडेही येते. मी सेक्रेटरींना लेखी दिलंय की ठरावाआधी मला बोलायचंय, गेटवरची नोंदवही सभेत आणावी, आणि त्या बाईलाही बोलवावं. एक तास मागितलाय. घरात हिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. ती बाई साखळी घेऊन गेली असेलही. काल रात्री मी नोटीस तीनदा वाचली आणि बोलायचं ते कागदावर उतरवलं, तर हात थरथरत होता.

तू शनिवारी मांडवी एक्सप्रेसने ये. रात्री ठाण्याला उतरशील, मी स्टेशनवर असतो. वहिनींना जमत असेल तर त्यांनाही आण. रात्री सिनेमा बघू, आणि तू मला ते छत कुठे दिसायला लागतं ते दाखव. खिडकी आता नव्या इमारतीतली, रूळ तेच, गाड्या मात्र आता बारा डब्यांच्या. ते एचएमटी चालू असलं तर घेऊन ये.

तुझा,
दिनू