निशापूरचे वाडगे

प्रिय सुजाता,

तू पाठवलेले सुलेखनाचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. अक्षरं देखणी आलीत. पण चौकटीत बोटभर जागा मोकळी राहिली की तू तिथे वेल नाहीतर ठिपके घालतेस, ते मला खटकतं. का खटकतं, ते सांगण्यासाठी आज हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांची साक्ष काढते.

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इराणातल्या निशापूरचा, दहाव्या शतकातला एक वाडगा आहे. नावाला वाडगा, व्यास जवळजवळ ४६ सेंटीमीटर, आपल्या परातीएवढा, आणि चांगला खोल. आतून सगळा पांढरा. काठालगत काळ्या कूफी अक्षरांची, म्हणजे अरबी लिपीच्या जुन्या, कोनदार वळणाची, एकच ओळ गोल फिरते. फूल नाही, पक्षी नाही. अक्षरांचे उंच दांडे मधल्या मोकळ्या जागेकडे झेपावतात. अक्षरं जोडणारी आडवी रेघ कुठे आखूड, कुठे लांबच लांब ओढलेली, त्यामुळे ओळ बरोबर वर्तुळ पुरं करते. आत वळत जाणाऱ्या भांड्यावर हा हिशेब सांभाळायचा म्हणजे हात किती तयार हवा! ओळीचा अर्थ असा: कामाआधी केलेला विचार पश्चात्तापापासून वाचवतो. आणि शेवटी भरभराट व शांती लाभो, अशी शुभेच्छा.

हे करायचे कसे, तेही तुला आवडेल. भाजल्यावर पिवळट किंवा तांबूस दिसणाऱ्या मातीचं भांडं घडवायचं, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा, मग लिहायचं आणि वरून शिशाची पारदर्शक झिलई. अडचण अशी की शिशाच्या झिलईखाली नुसता रंग भट्टीत ओघळतो, अक्षर फिसकटतं. म्हणून रंगातच पातळ माती कालवायची. ती लेपाला घट्ट धरून बसते आणि कड धारदार राहते. ही युक्ती नसती तर ती बारीक टोकं आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

अशी भांडी निशापूरला आणि समरकंदजवळच्या अफ्रासियाबला सामानी राजवटीत, म्हणजे नवव्या-दहाव्या शतकात तिथे राज्य करणाऱ्या इराणी घराण्याच्या काळात, घडत. लोकांची बोली फारसी, भांड्यांवरची वचनं मात्र अरबी. ती बहुतेक नुक्त्यांशिवाय, म्हणजे सारखी दिसणारी अरबी अक्षरं वेगळी ओळखू देणाऱ्या ठिपक्यांशिवाय लिहिलेली, त्यात इतकी ताणलेली की जाणकारालाही थांबत थांबत वाचावी लागतात. पाहुण्यांच्या पंगतीत ही ओळ लावता लावता गप्पा रंगत असतील, असं मला फार वाटतं. लूव्र संग्रहालयातल्या थाळ्यावर लिहिलंय की विद्येची चव सुरुवातीला कडू, पण शेवटी मधाहून गोड. त्या थाळ्याच्या मध्यावर छोटीशी खूण आहे, बाकी सगळं पांढरं.

१२२०-२१ मध्ये मंगोलांनी दोन्ही शहरं उद्ध्वस्त केली. निशापूरला १९३५ पासून मेट्रोपॉलिटनच्या लोकांनीच उत्खनन केलं, तेव्हा अशी कितीतरी खापरं हाती लागली. काही भांड्यांवर तर 'बरकत'सारखा एकच शब्द पुन्हा पुन्हा गिरवलाय, तोही झिजत झिजत नुसती नक्षी झालेला. मला ती कमी आवडतात. अक्षर वाचता येईनासं झालं की त्याचा ताठा जातो.

तर सुजाता, त्या तुकोबांच्या ओळीचा कागद पुन्हा घे. वेल काढून टाक, शिरोरेघ हवी तिथे लांबव आणि मधला भाग कोरा ठेव. झाला की फोटो पाठव, मी वाट पाहतेय. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
नीलिमा