एकाच पुस्तकाच्या सहा प्रती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचन प्रेरणा दिन जवळ आला की शाळांकडे फोटो आणि अहवालांची मागणी सुरू होते. २०१५ पासून डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, हा दिवस साजरा होतो. तो व्हावाच. पण त्या दिवशी मुलं पुस्तक धरून रांगेत बसतात, फोटो निघतो आणि पुस्तकं कपाटात जातात. वाचलेल्याबद्दल कुणाशी बोलायचं, हे राहूनच जातं.

मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववीला आठवड्यातला मराठीचा एक तास आम्ही मुलांनीच चालवायच्या पुस्तकगटांना दिला आहे. गट सहा जणांचा, पुस्तक सगळ्यांचं एकच. पुढच्या आठवड्यापर्यंत कुठवर वाचायचं ते गट ठरवतो. येताना प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा. त्याचं उत्तर पानावर आयतं सापडता कामा नये. दर खेपेला सूत्रधार वेगळा. त्याने स्वतः कमी बोलायचं आणि गप्प बसणाऱ्याला बोलतं करायचं. कुणी ठाम काही म्हणालं, की "कुठल्या पानावर?" असं कुणीही विचारू शकतं. मी मागच्या बाकावर वही घेऊन. सुरुवातीला प्रत्येक वाक्यानंतर माना माझ्याकडे वळायच्या, बरोबर का म्हणून. तेव्हा खाली बघून लिहीत राहणं हे शिक्षकाला किती जड जातं, ते शिक्षकालाच माहीत!

एका गटाने व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली होती. धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेल्या मास्तरांची ही कादंबरी १९५५ची, पण माडगूळकर शेजारच्या आटपाडी तालुक्यातले. तो माळ आणि ती बोली मुलांना परकी नाही. शेवटी दुष्काळात वाडी उठून जाते. एका मुलाचा प्रश्न होता, "मग मास्तरांनी एवढी खटपट करून उभी केलेली तालीम फुकटच गेली ना?" यावर एक मुलगी उसळली. तिच्या घरची मेंढरं आहेत. "आमची माणसं दिवाळी झाली की कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडाला परत येतात. गाव सोडलं म्हणून गाव मोडतंय व्हय?" तिसरा म्हणाला, "तुमची मेंढरं जित्ती असत्यात. हितं काय झालंय ते वाच की." मग सगळ्यांची पानं उलटायला लागली. मी शिकवत असते तर 'गावाची शोकांतिका' असं फळ्यावर लिहून पुढे गेले असते. इथे तास संपला तरी एकमत झालं नाही, आणि मधल्या सुट्टीत नळापाशीही तोच वाद चालू होता.

हे जमलं, कारण सहा प्रती होत्या. शाळेची एकच; बाकीच्या शिक्षकांच्या घरून आणि माजी विद्यार्थ्यांकडून मागून आणलेल्या. खरी अडचण इथेच आहे. शाळांसाठी पुस्तकं घेताना नावांची यादी लांबवण्याकडे कल असतो. शंभर पुस्तकं म्हणजे शंभर नावं, प्रत्येकाची एक प्रत. कपाट भरलेलं दिसतं, पण दोघांनी एकाच आठवड्यात एकच पुस्तक वाचायचं म्हटलं तर सोय नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेत ग्रंथालय हवंच असं सांगितलं. प्रतींचा विचार मात्र खरेदी करणाऱ्यानेच करायचा आहे. तेव्हा संबंधितांना विनंती, की शंभरांतली तीस नावं कमी करा आणि त्या पैशांत पाच पुस्तकांच्या आणखी सहा-सहा प्रती घ्या.

तोवर थांबायचंही कारण नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यातली एक कथा निवडून सहा झेरॉक्स काढल्या तरी एका गटाचा तास होतो.

अभ्यासक्रम मागे पडेल, असं सहकारी म्हणतात. एका तासाने पडत नाही. मुद्द्याला आधार देऊन लिहायची सवय उलट निबंधात कामी येते. साठ मुलांच्या वर्गात दहा गट एकदम बोलायला लागले तर शेजारचा वर्ग तक्रार करणारच. म्हणून आमच्याकडे एका वेळी दोनच गट बोलतात, तेही व्हरांड्यात. बाकीचे वर्गात वाचत बसतात. पावसाळ्यात व्हरांडा गळतो, तेव्हा मुख्याध्यापक त्यांची खोली देतात.

आपली,
एक मराठी शिक्षिका, ता. माण, जि. सातारा