आईच्या उंचीचा ओटा

तीर्थरूप आई व बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बघू पुढे" म्हणतात आणि आई नातवंडांची चौकशी सुरू करते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. स्वयंपाकघराचे काम यंदा करायचे, हे दादाने आणि मी नक्की केले असून गवंड्याला इसारही दिला आहे. पाडव्याची गुढी सांगलीला गावभागातल्या घरीच उभारू आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर साताऱ्याला यायचे आहे. आधी विचारले असते तर आमचा खर्च वाचावा म्हणून तुम्ही नाहीच म्हणाला असता, तेव्हा कृपा करून रागावू नका.

आपला ओटा आजीच्या बेताने बांधलेला आहे. आजी ठेंगणी होती, तिला २८ इंच अगदी बरोबर होते; पण आई या घरात आली तेव्हापासून त्याच ओट्यावर वाकून भाकऱ्या थापते आहे. डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा ती नेमका स्वयंपाकाच्या वेळी काढून खुंटीला अडकवते, कारण पट्टा बांधला की तिला ओट्यापर्यंत वाकताच येत नाही. संक्रांतीला ते पाहिले आणि मनाने घेतले. आई, त्या दिवशी टेप घेऊन तुझे कोपर मोजले, ते ब्लाऊजसाठी नव्हते. कोपर ३९ इंचांवर येते, म्हणून परातीची जागा ३४ इंचांवर घेतली आहे. गॅसची शेगडी मात्र चार इंच खाली बसेल, म्हणजे पातेल्यात डोकावायला टाचा उंचवाव्या लागणार नाहीत.

बाबा, "पूर आला की सगळे वाहून जाते, कशाला पैसे घालायचे" हे तुमचे म्हणणे मी मनावर घेतले आहे. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. दादाच्या लग्नात हौसेने केलेल्या कपाटांचा भुसा तेव्हा आपण घमेल्याने उपसला आहे. म्हणून या वेळी ओट्याखाली लाकूड किंवा प्लाय अजिबात नाही. कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या ट्रॉल्या असतील, ज्या पाणी ओसरल्यावर धुऊन पुसून पुन्हा वापरता येतील. विजेची बटणे खांद्याच्या उंचीवर घेतली आहेत आणि स्वयंपाकघराचा पुरवठा स्वतंत्रपणे बंद करता येईल. फरशी खरखरीत, न घसरणारी निवडली आहे. कृष्णेला पाणी चढण्याआधी, मेअखेरीस सारे संपवायचे म्हणून एवढी घाई.

देवघराची भिंत कोणीही हलवणार नाही. आजीची मांडणी आणि पितळेचे डबे जिथे आहेत तिथेच परत येतील. बाबांनी नारळ फोडून फोडून ज्या शिळेच्या कडेला खोबण पडली आहे, ती शिळा फोडू द्यायची नाही, असे मी गवंड्याला बजावले आहे. ती परसात तुळशीजवळ बसवू. लहानपणी मी त्याच कडेखाली ओंजळ धरून नारळाच्या पाण्याची वाट पाहत बसत असे आणि बाबा आधी मला पाजून मग वाटी भरत.

लेकीकडे महिनाभर राहायचे, हे तुम्हाला अवघड वाटणार, मला ठाऊक आहे. पण सासूबाईंनी स्वतः तुमच्यासाठी पुढची खोली रिकामी केली आहे आणि आई आल्यावर सांडगे घालायचे, असे त्या आत्ताच ठरवून बसल्या आहेत. सांगलीपेक्षा इथे उकाडा कमी. बाबांना पहाटेचा बिनसाखरेचा चहा मी उठून देईन, वर्तमानपत्र दारात येते आणि संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या गोल बागेत बसायला सोबत पुष्कळ मिळेल. कामावर काका रोज जाऊन येणार आहेत, तेव्हा घराची काळजी नको.

आता काही गोष्टी मात्र ऐकायच्याच. वर्षाची चटणी पाडव्याआधी उरकून घ्या. मिरची वाळवायला गच्चीवर आईने जायचे नाही, शेजारच्या काकूंना सांगा, आणि कुटायला डंकावरच द्या. माळ्यावरची भांडी दादा येऊन उतरवेल, बाबांनी शिडीला हात लावायचा नाही. गॅसच्या नळीवर छापलेले वर्ष पाहून मला कळवा. पाच वर्षे झाली असतील तर नवी नळी आत्ताच बदलून घेऊ, कामाची वाट पाहायला नको. रक्तदाबाच्या गोळ्या दीड महिन्याच्या एकदम आणून ठेवा आणि डॉक्टरांची फाईल कपड्यांच्या पिशवीत नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवा.

ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट घ्यायचा की हिरवा, एवढे आईने सांगायचे आहे. गवंडी रविवारी विचारणार आहे, त्याआधी फोन कर.

तुमची,
नंदू