लॉ क्लर्क भरतीचे वेळापत्रक एकच हवे

महोदय,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयात एकोणीस वर्षे ग्रंथपाल आहे. वाचनालयाच्या दाराशी असलेला सूचना फलक माझ्याच ताब्यात असतो. न्यायालयांच्या लॉ क्लर्क भरतीच्या जाहिराती निघाल्या की त्यांची प्रत काढून मी तिथे लावते आणि एका शंभर पानी वहीत नोंद करते. जाहिरात कधी निघाली, शेवटची तारीख कोणती, आमच्यापैकी कोणी अर्ज केला, पुढे काय झाले, एवढे चार रकाने. ती वही समोर ठेवूनच हे पत्र लिहिते आहे.

लॉ क्लर्क म्हटले की घरच्यांना फायली वाहणारा कारकून डोळ्यांपुढे येतो. आमच्या मुलांच्या आईवडिलांना मला दरवर्षी समजावून सांगावे लागते की हे काम न्यायमूर्तींच्या हाताखालचे आहे. दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावरची, म्हणजे सुनावणीच्या यादीतली प्रकरणे आदल्या रात्री वाचायची, त्यांचे टिपण काढायचे, जुने निवाडे शोधून द्यायचे. जिल्हा न्यायालयात एखाद्या सीनियरकडे ज्युनिअर म्हणून राहिले तर पहिली दोन वर्षे हातात जेमतेम गाडीखर्च पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुख्य पीठ आणि नागपूर, औरंगाबाद खंडपीठांसाठी मिळून ६४ जागांची जाहिरात काढली, तिच्यात महिना ६५ हजार रुपये मानधन होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५च्या जाहिरातीत ते ८० हजार होते. शेतमजुराच्या घरातल्या पोरासाठी ही रक्कम काय आहे, हे वेगळे सांगायला नको.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट २० मे २०२५ला घडली. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सक्तीची केली. त्याच निकालात असेही म्हटले की लॉ क्लर्क म्हणून केलेल्या कामाचा काळ या तीन वर्षांत धरला जाईल. आमच्याकडे प्रवेश घेणाऱ्या दहातल्या सात-आठ मुलांना विचारा, 'जेएमएफसी व्हायचंय', म्हणजे हेच कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश व्हायचंय, असेच उत्तर मिळते. आजवर ही मुले पदवी हातात आल्या आल्या परीक्षेच्या तयारीला लागत. आता तीन वर्षे कुठे आणि कशी काढायची, हा घराघरातला प्रश्न झाला आहे. म्हणजे लॉ क्लर्कची जागा ही आता न्यायाधीशपदाच्या वाटेवरची एक पायरी झाली. आणि तिथपर्यंत पोचायची वाट अजून जाहिरात कधी निघते, पाकीट कधी पोचते, अशा योगायोगांवर चालली आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील आडत बाजारात हमाली करतात. पाच वर्षांचा अभ्यासक्रम तिने एकदाही एटीकेटी न लागता पूर्ण केला. एका उच्च न्यायालयाची जाहिरात निघाली, अर्जाला अठरा दिवसांची मुदत होती. शेवटच्या सत्राचा निकाल संकेतस्थळावर लागला होता, पण छापील गुणपत्रके विद्यापीठाकडून यायची होती, आणि जाहिरातीत तर गुणपत्रकाची साक्षांकित प्रत मागितलेली. चौदाव्या दिवशी गठ्ठा आला. त्या दुपारी वाचनालयातल्या लांब टेबलावर बसून तिने अर्ज भरला. दहावीपासूनच्या गुणपत्रकांच्या झेरॉक्स क्रमाने लावल्या, दोन शिफारसपत्रे, चारित्र्याचा दाखला, प्राचार्यांचा शिक्का. खाकी पाकिटाचे तोंड डिंकाने बंद केले, वरून पुन्हा चिकटपट्टी मारली, आणि पोस्टाची खिडकी बंद व्हायच्या आत धावत जाऊन स्पीड पोस्ट केले. मध्ये शनिवार, रविवार आणि एक सणाची सुट्टी आली. महिन्याभराने तेच पाकीट न उघडता परत आले. वर जांभळ्या शाईचा शिक्का होता, 'मुदतीनंतर प्राप्त'. तिला ते घरी न्यायचे नव्हते. अजून माझ्या कपाटात आहे.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा चौकशी केली, तर त्याच वर्षी उत्तीर्ण झालेल्यांनीच अर्ज करावा अशी अट निघाली. तिचे गुण कमी पडले नव्हते, तिला कोणी मुलाखतीत नापास केले नव्हते. विद्यापीठाची तारीख आणि न्यायालयाची तारीख एकमेकींना ठाऊक नव्हत्या, एवढेच.

यात न्यायमूर्तींचेही नुकसान होते. आमच्या एका मुलाला एका न्यायालयातून रुजू होण्याचे पत्र आले. दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात त्याची मुलाखत झालेली होती, निकाल लागायचा होता. घरचे म्हणाले, हातची सोडू नकोस. तो रुजू झाला. अडीच महिन्यांनी दुसरीकडचे पत्र आले, आणि ज्या कायद्यात त्याला पुढे काम करायचे होते तो तिथेच शिकायला मिळणार होता. तो गेला. पहिल्या ठिकाणच्या न्यायमूर्तींनी त्याला अडीच महिने शिकवले ते वाया गेले, आणि त्या जागेवर प्रतीक्षा यादीतल्या कोणाला बोलवावे तर ती मुले तोवर कुठे ना कुठे लागून गेलेली. त्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही. दोन्ही पत्रे एकाच आठवड्यात आली असती तर त्याने एकदाच, नीट विचार करून ठरवले असते.

माझी मागणी साधी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाने आणि खंडपीठांनी लॉ क्लर्क भरतीचे वार्षिक वेळापत्रक ठरवून वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावे. जाहिरात अमुक आठवड्यात, मुलाखती अमुक महिन्यात, निवड यादी अमुक तारखेला. अर्ज ऑनलाइन आणि एकच असावा, त्यात मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूर असा पसंतीक्रम भरायची सोय असावी. ही पद्धत आमच्या मुलांना नवी नाही. लॉ सीईटीच्या कॅप राउंडमध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम भरूनच ती आमच्याकडे आलेली असतात. कोणाला निवडायचे हा अधिकार ज्या त्या न्यायमूर्तींचाच राहील, त्याला कोणी हात लावत नाही. फक्त अर्ज कधी घ्यायचे आणि उत्तर कधी द्यायचे, एवढे सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.

कोल्हापूरचा मुद्दा मला विशेष वाटतो. १८ ऑगस्ट २०२५ला तिथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या खंडपीठाचे काम सुरू झाले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. सावंतवाडीच्या मुलीला आता मुंबईत खोली शोधावी लागू नये. पण त्यासाठी तिथल्या जागा वेगळ्या दाखवल्या गेल्या पाहिजेत आणि तिला त्या मागता आल्या पाहिजेत. मुलाखतींचेही तेच. जी न्यायालये वकिलांचा युक्तिवाद व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) ऐकतात, त्यांना लातूरच्या मुलाची वीस मिनिटांची मुलाखत जवळच्या खंडपीठात बसवून घेणे अवघड नाही. रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे, स्टेशनवर तोंड धुऊन मुलाखतीला बसायचे आणि त्याच रात्री परतायचे, हे मुले करतात. मुलीला एकटी पाठवायला मात्र अजून पुष्कळ घरे तयार होत नाहीत.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली लॉ क्लर्कची लेखी परीक्षा देशातल्या २३ शहरांत एकाच दिवशी घेतली. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही ते अर्ज करू देते, पदवीचा पुरावा रुजू होताना मागते. एवढी एकच सवलत सगळीकडे असती तर ते खाकी पाकीट माझ्या कपाटात आले नसते. अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांत ऑस्कर नावाच्या एकाच संगणकीय प्रणालीवरून देशभर अर्ज करता येतात, आणि अर्ज कधीपासून बघायचे याची तारीख पुष्कळ न्यायाधीशांनी आपसात ठरवून घेतली आहे. तिथेही ती घडी एकदा विस्कटली होती. काही न्यायाधीश ठरलेल्या तारखेआधीच मुले निवडू लागले, २०१३ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आपण ही योजना पाळणार नाही असे उघड सांगितले, आणि मग मुलांची निवड वर्ष-दीड वर्ष आधीच उरकण्याची धावपळ सुरू झाली. २०१८मध्ये त्यांना ती पुन्हा नव्याने बांधावी लागली. कोणी एकाने तारीख मोडली की सगळ्यांना मोडावी लागते. म्हणून सुरुवात एकाच उच्च न्यायालयाच्या पीठांपासून करावी, असे मला वाटते. शेजारच्या राज्यांशी बोलणी त्यानंतर.

विद्यापीठांनाही सांगणे आहे. विधी शाखेच्या शेवटच्या सत्राचे छापील गुणपत्रक निकालानंतर पंधरा दिवसांत महाविद्यालयात पोचवा. आणि तोवर संकेतस्थळावरच्या निकालाची प्रत प्राचार्यांच्या सहीने सर्व न्यायालयांनी ग्राह्य धरावी.

यंदाच्या शेवटच्या वर्षातल्या अकरा जणांनी माझ्या वहीत आपला मोबाइल क्रमांक लिहून ठेवला आहे. जाहिरात निघाली की मॅडम लगेच फोन करा, असे बजावून गेली आहेत. साधारण कधी निघेल, असे रोज कोणी ना कोणी विचारते. गेल्या पाच वर्षांच्या तारखा मी त्यांना वाचून दाखवते, पण कोणत्याही दोन वर्षांचा महिना जुळत नाही.

आपली,
विधी महाविद्यालयातील एक ग्रंथपाल,
लातूर जिल्हा