सुट्टे नाहीत, हे आधी सांगायचं

बर्लिन, सोमवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मामाच्या हाती देतेय. पाकीट आईनेच फोडायचं, असं त्याला बजावलंय. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आई गप्प झाली की मला पुढचं सुचत नाही.

मामा मजेत आहे. साखर रोज तपासते, पाय सुजलेले नाहीत. तुम्ही पाठवलेलं ज्वारीचं पीठ आम्ही दोघं पुरवून पुरवून खातोय. काल रविवार होता. इथे रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे खरेदीची कटकट नाही. दिवसभर नुसते भटकलो.

आई, सकाळी आधी तुझं काम केलं. बर्लिनमधल्याच डालेमला जाऊन इरावतीबाई कर्वे जिथे मानववंशशास्त्र शिकल्या ती संस्था बघितली. इनं रस्ता, २२ नंबर. आता ती इमारत विद्यापीठाकडे आहे. आत जाता आलं नाही, पण दारापाशी पाटी आहे. पुढे नाझींच्या काळात तिथे काय काय झालं त्याची. इरावतीबाई त्याच्या आधीच्या, १९२०च्या दशकाच्या शेवटच्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो, ही त्यांच्या गाइडची समजूत. यांनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही असं लिहून दिलं. दारात उभी राहिले तेव्हा तुझं पहिल्या वर्षीचं पत्र आठवलं. ‘इरावतीबाई पीएच.डी. झाली तशा परत आल्या.’ मामाने फोटो काढलाय. त्यात मी डोळे मिटलेत.

मग शंभर नंबरची बस. झूपासून अलेक्झांडरप्लात्सपर्यंत जाते, डबल डेकर. भिंत पडल्यावर १९९० मध्ये सुरू झाली, दोन तुटलेले भाग जोडायला. मामाने वरची पुढची सीट धरली आणि ब्रांडेनबुर्ग गेट, संसद, सगळं सोडून त्याचं लक्ष एकाच गोष्टीकडे: कंडक्टर कुठाय? बसला कंडक्टर नाही, स्टेशनवर गेट नाही, आपलं तिकीट आपणच यंत्रात घालून छापायचं, हे ऐकून तो खरोखर दुखावला. मध्येच साध्या कपड्यातले चेकर येतात आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड घेतात, हे सांगितल्यावर जरा सावरला. स्टॉप आला की त्याचा हात आपोआप वर जात होता, डबल बेल द्यायला. मला त्याची पत्र्याची पेटी आठवली. महाबळेश्वरच्या गाडीत मला मांडीवर घेऊन पंच हातात द्यायचा. आणि बाबा, तुम्ही स्टँडवर छत्री घेऊन उभे असायचात, गाडी तासभर लेट असली तरी.

दुपारी एका तुर्की बाईंनी लाटून तव्यावर भाजलेली पालकाची पोळी खाल्ली. मामा म्हणाला, मीठ कमी आहे, पण हात चांगला आहे.

संध्याकाळी टेम्पलहोफला गेलो. जुना विमानतळ. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने रस्ते, रेल्वे अडवल्यावर पश्चिम बर्लिनचं पीठ-कोळसा विमानांनी यायचं, त्यातली कितीतरी इथेच उतरायची. २००८ ला विमानतळ बंद झाला, आता धावपट्टीवर पोरं सायकली चालवतात, पतंग उडवतात. तीनशे हेक्टरहून जास्त जागा, शहराच्या मधोमध! ‘आणि प्लॉट पाडले नाहीत?’ मामा. २०१४ ला लोकांनी मतदान करून बांधकाम नको म्हटलं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

तिथे बाकावर बसल्यावर त्याने विचारलं, दिवाळीचं तिकीट काढलंस का, येतानाचं एकच ना?

नाही. दोन्हीकडचं काढलंय. गेल्या मंगळवारी मी इथल्या कायमच्या नोकरीच्या कागदावर सही केली. दिवाळीला येतेय, नक्की येतेय, तीन आठवडे. पण सामान घेऊन नाही. इथे वर्षाला ३० दिवस रजा आहे. कामातले लोक चांगले आहेत, पुण्यात हे काम मिळालं नसतं (मिळालं असतं कदाचित, पण मी शोधलं नाही, हेही खरं). घर उबदार आहे, नळाचं पाणी पिता येतं. हे सगळं मी तुमच्यासाठी लिहितेय की माझ्यासाठी, कोण जाणे.

मामा बराच वेळ पतंग बघत होता. मग म्हणाला, ‘सुट्टे नसले तर मी पॅसेंजरला तिकीट फाडतानाच सांगायचो. उतरताना नाही.’ म्हणून हे पत्र.

आता ऐका. बाबा, दुधाला स्कूटर न्यायची नाही, दूधवाला घरी देतो. बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. बाथरूममधल्या दांड्याचं सुतारासोबत ठरवलंय, त्याला ‘नको’ म्हणून परत पाठवू नका. आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात. वाळवणं गच्चीवर तू न्यायची नाहीस, पोळ्यांच्या मावशी नेतील, मी त्यांच्याशी बोललेय. पुढच्या मे महिन्यात दोघांनी इकडे यायचं, व्हिसाचं मी बघते. एक जिना आहे, पण कठडा धरून चढता येतो. मोजून अठरा पायऱ्या.

मामाच्या बॅगेत आईसाठी लोकरीचे मोजे आहेत आणि बाबांसाठी शंभर नंबरच्या बसचं तिकीट, छाप मारलेलं.

वाचून झालं की लगेच फोन करू नका. आधी चहा घ्या. आई गप्प राहिली तरी चालेल, फोन तिच्याकडे द्या. मी जागी आहे.

तुमची,
मनू