वामनदादांचे नाटक दोन प्रयोगांत संपू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने लोककवी वामनदादा कर्डक यांच्या आयुष्यावर संगीत नाटक बसवले. विद्यापीठाच्या सभागृहात त्याचे दोन प्रयोग झाले. आपल्या दैनिकातली छोटी बातमी वाचून मी दुसऱ्या प्रयोगाला गेलो. प्रयोगानंतर मुलांना भेटायला आत गेलो तेव्हा कळले की हा शेवटचाच प्रयोग. नाटक हा त्यांच्या अभ्यासक्रमातला निर्मितीचा पेपर होता. परीक्षक येऊन गेले, गुण पडले, आता नेपथ्य सुटे करून त्याच फळ्यांतून पुढच्या वर्गाचे नाटक उभे राहणार. इतके जीव ओतून केलेले काम असे गुंडाळले जाऊ नये, ते गावोगाव फिरावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दादांचे नाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याही कानांवरून त्यांची गाणी गेलेली असतात. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. पोटासाठी मुंबई. गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत कोळसा उचलला, खडी फोडली, चिक्की विकली, आईसफ्रूट विकले. १९४३ च्या सुमारास गाणी रचू लागले आणि पुढे हजारो गाणी लिहिली. बाबासाहेबांवर लिहिली तशी कामगारांवरही लिहिली. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटातही त्यांचे गाणे आहे. १५ मे २००४ रोजी नाशिकला ते गेले. एवढा मजकूर कुठल्याही स्मरणिकेत सापडेल. नाटकाने त्यापुढे जाऊन काय केले ते सांगतो.

दादा तरुणपणापर्यंत निरक्षर होते. मुंबईच्या चाळीत कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला येतो आणि त्यांना वाचता येत नाही, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. त्यानंतर देहलवी मास्तरांकडून ते बाराखडी शिकले आणि जोडाक्षरे शिकले ती रस्त्यावरच्या पाट्या वाचून. दिग्दर्शक विद्यार्थिनीने इथे एकही संवाद ठेवलेला नाही. कोरसमधली मुले दुकानांच्या पाट्या डोक्यावर धरून रंगमंचावरून येजा करतात. दादांचे काम करणारा मुलगा एकेक पाटी अडवतो, अक्षरावर बोट ठेवतो, ओठ हलवतो. ‘वस्त्रभांडार’मधल्या ‘स्त्र’ला अडतो, तिथेच ढोलकी थांबते. अक्षर लागले की ढोलकी पुन्हा धरते. ‘मिष्टान्न’ला दोनदा थांबावे लागते. हळूहळू थांबणे कमी होत जाते, पाट्या भराभर फिरू लागतात आणि मग तो मुलगा पाट्यांवरच्याच शब्दांना यमके जुळवू लागतो. अक्षरओळखीतून गाणे कसे जन्माला आले हे सात-आठ मिनिटांत दिसते. व्यावसायिक रंगभूमीवर अलीकडे मी इतके नेमके काही पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट गाण्याची. नोकरीत असताना सुट्टीच्या रात्री मी एका गायन पार्टीत, म्हणजे गावोगाव गाणी म्हणणाऱ्या संचात, कोरसला उभा राहायचो, त्यामुळे माझे कान त्याच बाजूला जास्त लागतात. सगळे गाणे मुलांनी स्वतः, समोर उभे राहून म्हटले. ध्वनिमुद्रित ट्रॅक नव्हता. पेटी, ढोलकी, ढोलक आणि बँजो एवढीच साथ. मुख्य गायकाने कडवे टाकायचे आणि कोरसने ध्रुवपद उचलायचे, ही उचल वरवर सोपी वाटते, पण कोरस अर्धी मात्रा मागे राहिला की गाणे कोसळते. पहिल्या अंकात या मुलांचा कोरस मागेच राहत होता. दुसऱ्या अंकात ‘भीमा, तुझ्या मताचे’ आले तेव्हा मात्र तो असा अंगावर आला की मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. दादांच्या बऱ्याच गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. प्रत्येक वेळी ती ओळ वेगळ्या कलाकाराला दिली होती: कधी गिरणीतल्या सोबत्याला, कधी चाळीतल्या बाईला, एकदा तर पेटी वाजवणाऱ्या मुलीला. कवीचे नाव अशा सगळ्यांच्या तोंडी फिरते, ही कल्पना मला फार आवडली.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मुलांवर अन्याय होईल. शेवटची वीस मिनिटे नाटकाचा सत्कार समारंभ होतो. एकामागून एक पात्र येऊन दादांची थोरवी सांगते आणि गाणे मागे पडते. टाटा-बिर्लांना कष्टकऱ्यांचा वाटा विचारणाऱ्या गाण्याचे एकच कडवे घेतले आहे. गिरणीत आणि वखारीत राबलेल्या माणसाच्या नाटकात ते पूर्ण हवे होते. सिनेमाच्या गाण्याचा नुसता उल्लेख होतो. दादांना आपण बाबासाहेबांवरच्या गाण्यांच्या एकाच चौकटीत बसवून ठेवले आहे आणि विद्यार्थ्यांनीही शेवटी तीच चौकट स्वीकारली, याचे वाईट वाटले. पण अशा उणिवा प्रयोगागणिक दुरुस्त होत असतात. दहाव्या प्रयोगापर्यंत ती भाषणे आपोआप गळाली असती. तिथवर नाटकाला जाऊ तर दिले पाहिजे.

गीतकाराचे आयुष्य गाण्यांतून सांगणे मराठीला नवे नाही. ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट १९४७ साली आला, होनाजीवरचा ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट १९५१ साली. ‘होनाजी बाळा’ हे संगीत नाटकही रंगभूमीवर गाजले. पण हे शाहीर पेशवाईतले. त्यांना ऐकलेले कुणी प्रेक्षागृहात बसलेले नव्हते. वामनदादांचे तसे नाही. त्यांच्याबरोबर गायलेली, त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवलेली माणसे आज आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत आणि ती म्हातारी होत चालली आहेत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर असेच एक गायक बसले होते. तिसऱ्या गाण्याला ते हळूच म्हणाले, “आमच्या पार्टीत ह्याची चाल दुसरी होती.” आणि मध्यंतरात त्यांनी ती चाल मला गुणगुणून दाखवली. ती चाल कुठे लिहिलेली नाही. विभागातल्या कुणालाही ती माहीत असण्याचे कारण नाही, कारण कुणी त्यांच्याकडे गेलेच नव्हते.

रंगभूमीचा इतिहास शिकवताना आपण विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या नाटकापासून निघतो, किर्लोस्करांच्या १८८० मधल्या ‘शाकुंतल’पाशी रेंगाळतो आणि जलशाकडे, म्हणजे गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमाकडे, येईपर्यंत तास संपतो. सत्यशोधक जलसा आणि त्यानंतरचा आंबेडकरी जलसा, भीमराव कर्डकांसारखे जलसाकार, ही सगळी फिरती रंगभूमी होती. वस्तीत जायचे, मिळेल त्या उजेडात ओट्यावर उभे राहायचे, मिळेल ते खायचे आणि रात्रभर लोकांना जागवायचे. आपल्या दहा सभा आणि एक जलसा बरोबरीचे आहेत, असे बाबासाहेब म्हणत, असे सांगतात. दादा त्याच वाटेवरचे. आयुष्यभर गावोगाव फिरून गायलेल्या माणसाचे नाटक वातानुकूलित सभागृहात दोन वेळा, तेही बहुतांशी प्राध्यापक आणि पालकांपुढे करून थांबवणे मनाला पटत नाही.

प्रयोग करायचे कुठे, असे विभागातल्या एका मुलाने मला विचारले. जागा आपल्याकडे भरपूर आहेत. १४ एप्रिलपासून मे संपेपर्यंत जयंतीचे कार्यक्रम गावागावांत चालू असतात. उत्सव समिती वर्गणी काढते, मंडप आणि ध्वनिक्षेपक असतोच, हजार-दोन हजार माणूस उघड्यावर बसून ऐकायला तयार असते. पूर्वी तिथे गायन पार्ट्यांचे सामने रंगायचे, आता बऱ्याच ठिकाणी डीजेवर भागवले जाते. एप्रिल-मे हा परीक्षांचा काळ, ही अडचण खरी आहे. मग परीक्षा आटोपल्यावर मेच्या शेवटच्या आठवड्यात चार गावे घ्यावीत. त्याहून सोपा मार्ग राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांचा. महाविद्यालये दरवर्षी सात दिवसांची शिबिरे खेड्यांत घेतात आणि रोज संध्याकाळी तिथे सांस्कृतिक कार्यक्रमाची वेळ ठेवलेलीच असते. त्या वेळेत हे नाटक करता येईल. त्यासाठी नेपथ्यही लागत नाही. पाट्या, एक बाकडे आणि वाद्ये एवढ्यावर सगळा पहिला अंक उभा आहे. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग असतो. नियमात बसत असेल तर तिथेही प्रवेशिका भरावी.

खर्चाचे म्हणाल तर एक बस आणि मुलांचे दोन वेळचे जेवण. जेवण गावकरी आनंदाने देतील, हे मी अनुभवाने सांगतो. बसचे भाडे विद्यार्थी विकास मंडळाने उचलावे. मुलांनी पदरमोड करून प्रयोग करावेत, अशी अपेक्षा मात्र कुणी ठेवू नये. त्यांच्यातले काही जण आधीच ऑडिशनसाठी मुंबईच्या फेऱ्या मारत आहेत आणि त्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे.

तिकीट लावायचे ठरले तर आणखी एक गोष्ट पाळली पाहिजे. आपल्या कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे दादांच्या गाण्यांवर २०६४ अखेरपर्यंत. विद्यापीठाने रीतसर परवानगी घ्यावी आणि मानधन द्यावे. लोकगीतासारखी आहेत, सगळ्यांचीच आहेत, असे म्हणून या गाण्यांचा मोबदला बुडवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. निदान विद्यापीठाने तरी तसे करू नये.

आणि जुन्या गायकांना बोलवावे. व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवण्यासाठी बोलवू नये. तालमीत बोलवावे, मानधन ठरवून, शिक्षक म्हणून. कोरसची उचल त्यांच्याकडून मुले आठवड्यात शिकतील. एकेका गाण्याच्या जितक्या चाली त्यांना येतात तितक्या ध्वनिमुद्रित करून विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे दादांचे संग्रह छापलेले आहेत, पण गायन पार्ट्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्यांत काय-काय पडून आहे याची मोजदाद व्हायची आहे. कागद पिवळे पडलेत, कॅसेटच्या फिती चिकटल्यात.

आपल्या दैनिकाने यात मदत करावी अशी विनंती आहे. ज्या घरांत अशा वह्या किंवा कॅसेट असतील त्यांना त्या नाट्यशास्त्र विभागाला दाखवण्याचे आवाहन आपण छापावे. मूळ वही देण्याची गरज नाही, पानांचे फोटो काढून लगेच परत मिळावी, हे विभागाने आधीच जाहीर करावे. कारण यापूर्वी वह्या नेऊन परत न केल्याचे अनुभव अनेक घरांना आहेत आणि त्या भीतीने लोक ट्रंक उघडत नाहीत. ज्या उत्सव समित्यांना आपल्या गावी हा प्रयोग हवा आहे त्यांनीही विभागप्रमुखांना लेखी मागणी करावी. पाच-दहा गावांची पत्रे टेबलावर आली तर विद्यापीठाला निर्णय घेणे सोपे जाईल. आमच्या गावच्या समितीचे पत्र याच आठवड्यात जात आहे. ही मुले अजून दोन महिने वसतिगृहात आहेत, त्यानंतर ती पांगतील. म्हणून पत्रे आत्ताच जायला हवीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक