योहानाला मिळालेलं उत्तर

प्रिय विजय,

सप्रेम सलाम.

अभ्यासवर्गासाठी केलेला तुझा तक्ता पाहिला. एका रकान्यात मशीहाविषयीचं (देवाने नेमलेल्या अभिषिक्त तारणाऱ्याविषयीचं) भविष्य, दुसऱ्यात येशूचा चमत्कार आणि पुढे बरोबरच्या खुणा. सुटसुटीत आहे, पण कोणी जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय 35 उघडून वाचलं की पहिल्याच ओळीला प्रश्न येईल. त्या अध्यायात मशीहाचा उल्लेखच नाही. चौथ्या वचनात तुमचा देव येऊन तुम्हांला तारील असं आहे, आणि आंधळे, बहिरे, लंगडे, मुके त्यानंतर येतात. तिथे रोगी बरे होणं ही खुद्द देव आल्याची खूण आहे.

म्हणून तू मत्तय 11 पासून सुरुवात कर. बाप्तिस्मा करणारा योहान कैदेत आहे. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस त्यासाठी मखेरसच्या किल्ल्याचं नाव देतो. ‘येणारा तो तूच का?’ असं तो शिष्यांकरवी विचारतो. येशू ना हो म्हणत ना नाही, सहा गोष्टी सांगतो. त्या फळ्यावर लिही आणि एकेकीचं मूळ मुलांनाच शोधू दे. आंधळे, पांगळे, बहिरे यशया 35:5-6 मध्ये सापडतील, गरिबांना सुवार्ता 61:1 मध्ये, मेलेले उठणं 26:19 मध्ये. कुष्ठरोग्यांपाशी गाडी अडेल, कारण यशयाच्या या वचनांत ते नाहीतच. खुशाल अडू दे. मग 2 राजे 5 काढ: अलीशा संदेष्टा, कुष्ठरोगी नामान, यार्देनेत सात बुड्या. यशयाच्या जोडीला एलीया आणि त्याचा शिष्य अलीशाही या उत्तरात आहेत, हे तिथे कळतं. लूक तर हा प्रसंग नाईनच्या विधवेचा मेलेला मुलगा येशूने उठवल्यानंतर लगेच सांगतो, आणि येशूने मुलाला ‘त्याच्या आईला दिलं’ हे वाक्य तो थेट 1 राजे 17:23 मधून, एलीयाने जिचा मुलगा उठवला त्या सारफथच्या विधवेच्या घरातून उचलतो.

मत्तयाची मांडणीही दाखव. कुष्ठरोगी, पक्षाघाती, अधिकाऱ्याची मुलगी, दोन आंधळे, मुका, हे सगळे 8 आणि 9 या अध्यायांत आधीच येऊन गेलेत. अकराव्यातलं उत्तर त्यांवरच उभं आहे.

मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या यहूदी गुंडाळ्यांपैकी 4क्यू521 हा तुकडा इथे उपयोगी पडेल. तो ख्रिस्तपूर्व काळातला. आकाश व पृथ्वी देवाच्या मशीहाचं ऐकतील असं त्यात आहे, आणि पुढे आंधळ्यांना दृष्टी, मेलेल्यांना जीवन, गरिबांना सुवार्ता. शेवटच्या दोन गोष्टी मत्तयासारख्याच लागोपाठ! मात्र तिथे हे करणारा प्रभू आहे, मशीहा नव्हे, असंच वाक्यरचनेवरून दिसतं. हे वर्गापासून लपवू नकोस.

खरा वेळ मात्र उत्तरात काय गाळलंय यावर दे. यशया 35:4 मध्ये सूड आहे, 61:2 मध्ये सूडाचा दिवस आहे, 61:1 मध्ये बंदिवानांची सुटका आहे. यातलं काहीच योहानाला सांगितलेलं नाही, आणि विचारणारा स्वतः बंदिवान! झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवली आहे म्हणून गर्जणारा हाच माणूस. नासरेथच्या सभास्थानातही (लूक 4) वाचन सूडाच्या दिवसाच्या अलीकडेच थांबतं. ‘माझ्याविषयी जो अडखळत नाही तो धन्य’ हे मत्तय 11:6 त्यामुळे निव्वळ समारोपाचं वाक्य राहत नाही.

एक गोष्ट तक्त्यातून काढच. कुष्ठरोगी, मुका आणि जन्मांध यांना बरं करणं रब्बींनी (यहूदी धर्मगुरूंनी) फक्त मशीहासाठी राखून ठेवलं होतं, असं प्रवचनांतून हमखास ऐकू येतं. त्या काळच्या यहूदी लिखाणात या यादीला आधार नाही.

यशया 53:4 (‘आमचे रोग त्याने वाहिले’) याच तासात कोंबू नकोस. मत्तय 8:17 ते वचन पेत्राच्या सासूचा ताप उतरल्यावर आणि संध्याकाळी आणलेले रोगी बरे झाल्यावर लावतो, तर 1 पेत्र 2:24 तोच अध्याय पापांकडे नेतं. दोन्ही नीट वाचायला वेगळी बैठक लागेल.

तुझा,
सुधीर